आक्काच्या नावापुढची रेघ

आक्काचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसलो होतो. पुढे ते कोडं सुटलं, वर्तमानपत्र रद्दीत गेलं, रद्दी विकली गेली, तिच्या पुड्यांतले शेंगदाणेही कुणीतरी खाल्ले असतील. पण त्या कार्डाचं उत्तर काही माझ्याच्यानं गेलं नाही.

लिहायला मी बसत नव्हतो असं नाही. 'तीर्थस्वरूप आक्कास सावळारामचा शिरसाष्टांग नमस्कार' इथपर्यंत माझा हात उत्तम चालतो. 'इकडील सर्व क्षेम' हेही जमतं. मग आक्कानं विचारलेला प्रश्न समोर येऊन उभा राहतो आणि मी पेनाला टोपण लावतो. वालचंदनगरला मी जन्मभर शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. काही विचारायला आलेल्या माणसाला कधी रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही. उत्तर नसलं तर पुस्तक द्यायचो. आक्काचं पुस्तकावर भागणार नव्हतं. तिला अक्षर येत नाही.

कार्ड तिच्या नातीनं, छकुलीनं, आक्का बोलेल तसं उतरवलं होतं:

'सावळा, आशीर्वाद. गुडघे तसंच हायत. म्हस व्याली. ग्रामसेवक घरोघर माणसं लिवायला आला हुता. कोण कुठं जन्मलं ते इचारत हुता. सगळ्यांची गावं लिवली. म्हशीच्या म्होरं सुदिक सांगोल्याच्या बाजारची म्हणून लिवलं. मला इचारलं तर मला ठावं न्हाय. त्यानं माझ्या म्होरं रेघ मारली. आई म्हणायची, वाडा चिंचंखाली उतरला हुता आन मोरगावच्या गणपतीची घंटा ऐकू येत हुती. तू शिकलेला हायस. मी कुठं जन्मले तेवढं हुडकून कळीव. लई वाटतं मला. छकुलीनं लिवलंय, चुका हायत.'

वाडा म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांसमोर दगडी बांधकाम, चौक, झोपाळा वगैरे आलं असेल तर ते कृपया पुसून टाकावं. आम्हा धनगरांत वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. आमचे वडील बिरदेव मेंढरं घेऊन फिरत. एखाद्या शेतकऱ्याच्या रानात कळप बसवायचा, मेंढरांच्या लेंड्यांचं त्याला खत व्हायचं, तो आम्हाला धान्य द्यायचा. मग घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढच्या रानात. या सगळ्यात आईला मूल झालं तर वाडा तिथे थोडा जास्त थांबायचा, इतकंच. आक्का अशीच कुठेतरी झाली. मी मात्र आमच्या इंदापूर तालुक्यातल्या गावी, घरात जन्मलो, असं माझ्या शाळेच्या दाखल्यावर आहे. जन्मतारीख एक जून आहे. आमच्या अख्ख्या वर्गाची एक जून आहे. मास्तरांचा हात त्या तारखेवर बसला होता.

आक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी. मी तिच्या कडेवरून जग पाहिलं. तिचं लग्न होऊन ती तिकडे जतच्या बाजूला गेली, तेव्हा मी नुकताच तिच्या कडेवरून उतरून स्वतःच्या पायांनी चालायला लागलो होतो, आणि मला ते फारसं आवडत नव्हतं. पुढे मेंढरं विकली, मी शाळेत गेलो, पुस्तकांत शिरलो तो शिरलोच. आक्का सणाला माहेरी आली की माझ्या डोक्यावर हात ठेवून हटकून म्हणायची, "ह्याला म्या लिवून आणलाय. न्हायतर ह्यो कोण हुता?" धाकट्या भावंडांना असं काहीतरी सांगायचंच असतं. शेजारच्या पोराला त्याची बहीण 'तुला शेरभर बाजरी देऊन घेतला' म्हणायची. माझी निदान बाजरी तरी वाचली होती.

तर अशा आक्कानं म्हातारपणी नातीला समोर बसवून 'लई वाटतं मला' असं लिहून घेतलं होतं. एवढं लहान आणि एवढं जड वाक्य मी पुस्तकांत फार वेळा वाचलेलं नाही.

कार्ड उघडं असल्यामुळे ते आमच्या आधी मोहनरावांनी वाचलं. मोहनराव आमचे शेजारी, पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले. आमचं वर्तमानपत्र वाचायला ते रोज येतात आणि वाटेत भेटणारं आमचं टपालही वाचतात.

"तात्या, यात अवघड काय हाय?" ते म्हणाले. "कोतवाल बुक बघा."

"ते काय असतं?"

"पूर्वी गावात जन्म झाला, कोण मेलं, की चावडीवर वहीत लिवायचे. त्या जुन्या वह्या तालुक्याला रेकॉर्ड रूममदी पडल्यात. फक्त मोडी हाय सगळं. मोडी येती का तुमाला?"

या ठिकाणी 'नाही' म्हणून विषय संपवता आला असता. पण मोहनराव माझ्याकडे इतक्या आदरानं पाहत होते की मी म्हणालो, "शाळेत होती."

संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, तात्यांना मोडी येते.

शाळेत होती हे खरं. पण मास्तर माझी पाटी उचलून वर्गाला दाखवायचे आणि विचारायचे, यात मुंगी कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली ते सांगा. मोडी लिहायची रीत अशी, की आधी कागदावर आडवी रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची, बोरू न उचलता. शब्द संपला कुठे, दुसरा सुरू झाला कुठे, हे लिहिणाऱ्याला माहीत आणि देवाला. मी रद्दीवाल्याकडून एक जुनं मोडी वाचनाचं पुस्तक मिळवलं आणि सरावाला लागलो. दुधाचा हिशेब मोडीत लिहिला. किराण्याची यादी मोडीत लिहिली. दुकानदारानं ती बराच वेळ उलटी धरून पाहिली आणि अंदाजानं सामान बांधून दिलं. त्यात मेणबत्त्या आणि पतंगाचा मांजा होता.

आमची सून राजेश्वरी फार समंजस आहे. ती एवढंच म्हणाली, "आबा, अभ्यास करा की. पण आमच्या स्वयंपाकावर नको."

सराव बरा झाल्यासारखा वाटल्यावर मोहनराव मला कचेरीत घेऊन गेले. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही. तिथली माणसं सज्जन होती आणि अजून नोकरीत आहेत. रेकॉर्ड रूमच्या दाराशी झुंबरअप्पा नावाचे कारकून बसत. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"गावाचं नाव लिवलं न्हाय."

"गावच शोधायला आलोय."

"गाव सांगितलं की वही काढता येती. वही काढली की गाव सापडतं."

"पण गाव माहीत असतं तर मी आलो कशाला असतो?"

झुंबरअप्पांनी यावर खरोखर विचार केला. "त्ये बी बरोबर हाय," ते म्हणाले. "पर रकाना हाय तसा. दोन-चार गावं तरी हुडकून आणा, मग बघू."

परतीच्या एस.टी.त मोहनरावांना युक्ती सुचली. त्यांच्या युक्त्या एस.टी.तच सुचतात, आणि तिथून उतरून पळता येत नाही. युक्ती अशी: मोरगावच्या देवळातली घंटा जिथवर ऐकू जाते तेवढीच गावं यादीत घालायची. मोहनराव घंटा वाजवणार, मी माळावर उभा राहून ऐकणार. शास्त्रशुद्ध काम होतं. फक्त मोहनरावांनी चांगला दिवस म्हणून चतुर्थी निवडली.

मी मोरगावपासून दूर, पांढरमाळ नावाच्या वस्तीच्या अलीकडे जोंधळ्याच्या रानाशेजारी उभा राहिलो. थोड्या वेळानं घंटा ऐकू आली. मग पुन्हा आली. मग ती थांबेचना. चतुर्थीला तालुक्यातून आलेला प्रत्येक माणूस घंटा वाजवून आत जात होता, आणि त्यातली मोहनरावांची कोणती हे ओळखायला मला कान अपुरे पडत होते. तिकडे मोहनराव जास्त जोरानं वाजवत होते. शेवटी पुजाऱ्यांनी त्यांचा हात धरून नवस कशाचा आहे ते विचारलं, असं मागाहून समजलं.

इकडे एक शेळ्या वळणारी म्हातारी, दगडाबाई, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय हुडकताय, पावनं?"

"घंटा ऐकतोय."

"मंग देवळात जावा की. हितं शेळ्या हायत."

मी तिला सगळं सांगितलं. वाडा, चिंच, घंटा. ती म्हणाली, "वारं असलं तर ऐकू येती, नसलं तर न्हाय. चिंच हुती हितं एक. तिच्याखाली धनगर उतरायचं. सडकंत गेली."

"कुठं होती?"

"आता तुमी हुबा हाय न्हवं, तितंच."

मी पायांखाली पाहिलं. डांबर होतं. आजूबाजूला नुसतं ऊन होतं, आणि लेंड्यांचा तो ओळखीचा वास होता. कडेवर बसलेलं असताना वर चिंचेचा पाला हलताना दिसावा, असं काहीतरी मला आठवल्यासारखं झालं. ते खरं आठवलं की आत्ता तयार झालं, सांगता येत नाही. माझ्या आठवणींवर माझाच विश्वास कमी. मी कार्ड पुन्हा वाचायला खिशातून काढलं, डोळे पुसायला चष्मा काढला, आणि तेवढ्यात एका शेळीनं कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं. मी ओढलं. तिनं ओढलं. माझ्या हातात 'लई वाटतं मला' एवढा तुकडा राहिला.

"शाईचा कागद ग्वाड लागतो तिला," दगडाबाई समजुतीनं म्हणाली.

ज्याचा बाप निम्मा जन्म जनावरांमागे फिरला, त्याच्या हातचं पत्र शेळीनं खावं, याला काय म्हणावं मला कळेना. धंदा सोडल्याचा राग असावा.

पण आता यादी झाली होती. मोरगाव आणि पांढरमाळ. झुंबरअप्पांनी मोरगावची वही धूळ झटकून माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः जरा मागे सरले. मोडी वाचणारे गृहस्थ निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं.

"तुमास्नी वाचता येतंय?" त्यांनी विचारलं.

"पंडित हायत," मोहनराव म्हणाले.

तेवढ्यावर माझं नशीब ठरलं. झुंबरअप्पांनी मला व्हरांड्यात एक बाक दिलं, माठातलं पाणी दिलं, आणि सांगितलं की तुम्ही तुमच्या वह्या खुशाल बघा. फक्त मोडी कागद घेऊन कुणी आलं तर तेवढं त्याला वाचून द्या. आठवड्यातून एकदा म्हणून सुरू झालेलं हे काम लवकरच रोजचं झालं. आता राहतो त्या इंदापूरहून सकाळची एस.टी., डब्यात राजेश्वरीनं दिलेली भाकरी, आणि बाकासमोर रांग. लोक पत्र्याच्या डब्यांतून, देव्हाऱ्यातून, पोत्यांतून कागद आणत. कुणाला विहिरीतला हिस्सा हवा होता, कुणाला देवळातला मान. ग्रंथालयात एवढी गर्दी मला कधी लाभली नव्हती. मला उघडं पडायची भीती वाटायची, पण खोटं कशाला सांगू, सकाळी दाढी मात्र मी रोज करू लागलो होतो.

त्या गर्दीत एक दिवस विजयसिंह आले. बारामतीकडचे ऊस बागायतदार, जीपमधून उतरले, बरोबर पाच-सहा माणसं. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते.

"तात्या, आमच्या पणजोबांचा कागद हाय. काय म्हणत्यात बघा बरं."

सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. कागदावर भोवऱ्यात भोवरे होते. त्यातले मला तीन शब्द लागले: पणजोबांचं नाव, 'गाव' आणि 'पाणी'. 'बाकीचं लागत नाही' एवढं म्हणायचं होतं. पण माझ्यासारख्या भित्र्या माणसाला गप्प राहण्यापेक्षा बोलून टाकणं सोपं वाटतं.

"तुमच्या पणजोबांनी," मी म्हणालो, "गावाला पाणी दिलं, असं दिसतं."

'दिलं' हे माझं होतं.

विजयसिंहांनी माझ्या पाया पडून कागद डोळ्यांना लावला. पुढच्या आठवड्यात एस.टी.च्या खिडकीतून मला त्यांच्या गावाशी कापडी फलक दिसला. 'गावाला पाणी देणाऱ्या घराण्यातील उमेदवार'. मी मान दुसरीकडे वळवली. तिकडेही तोच होता.

एवढ्यात, आई दुष्काळावरून सांगायची त्या आक्काच्या सालापर्यंत मी येऊन पोचलो होतो. मोरगावच्या वहीची पानं उलटत गेलो, आणि नेमकं त्या सालाशी येऊन पान उलटेचना. वाळवीनं आतून अख्खं साल खाल्लं होतं. कडेला चार बोटं कागद आणि मध्ये मातीचे बोगदे. पुढच्या सालापासून वही पुन्हा सुरळीत होती, काहीच झालं नाही अशी.

घरी येऊन मी जेवलो नाही. मोहनराव आले, वर्तमानपत्र न उघडता बसले.

"आता माझं ऐका," ते म्हणाले. "मोरगाव लिवून टाका. घंटा मोरगावची, देव मोरगावचा. म्हातारी काय दाखला मागणार हाय व्हय? खूश हुईल. गणपतीच्या पायाशी जन्मले म्हणंल."

"पण ते खरं नसलं तर?"

"खोटं हाय असं तरी कुठं लिवलंय? वाळवीनं खाल्लं."

मी बसलो आणि पत्र लिहिलं. नमस्कार, क्षेम, आणि 'तुझा जन्म श्रीक्षेत्र मोरगाव येथे झाला असून तशी नोंद मी स्वतः वाचली.' अक्षर सुंदर आलं. पाकिटाला तिकीट लावलं, पत्ता घातला, आणि सकाळी टाकू म्हणून घड्याळामागे ठेवलं. आक्का पत्र ऐकतेय, छकुली वाचतेय, शेजारपाजारच्या बायका जमल्यात, हे मला दिसत होतं. आक्का हसत होती. मला त्या हसण्याची फार ओढ लागली होती. किती वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

सकाळी आमच्या दारात जीप उभी राहिली. विजयसिंह उतरले, हातात दुसरा कागद. मी खुर्चीच्या मागे उभा राहिलो.

"तात्या," ते बसता बसता म्हणाले, "त्यो पयला कागद पुण्याच्या एका प्राध्यापकानं वाचला."

"काय निघालं?"

"पणजोबानं पाळी नसताना कालव्याचं पाणी रानात घेतलं. गावानं तक्रार केली, मामलेदारानं दंड केला. त्याचा कागद हाय त्यो."

राजेश्वरी चहा घेऊन आली ती दारातच थांबली. मी माफी मागायला तोंड उघडलं. मराठीत माफीसाठी जे जे शब्द आहेत ते सगळे एकदम बाहेर यायला बघत होते, त्यामुळे एकही आला नाही.

"आवो, घाबरताय कशापाई?" विजयसिंहांनी कप हातात घेतला. "आलो की निवडून. आता ह्यो दुसरा कागद. ह्यो बी तुमीच वाचा, तुमच्या पद्धतीनं. प्राध्यापकाच्या वाचण्यात काय दम न्हाय."

मी कागद घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "मला हे वाचता येत नाही, विजयसिंह. तेव्हाही येत नव्हतं."

ते मोठ्यानं हसले. "लबाड हाय तात्या," असं राजेश्वरीला सांगून, चहा संपवून गेले. एवढा खरेपणा करून 'लबाड' ऐकून घ्यावं लागलं, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. घड्याळामागच्या पाकिटात 'तशी नोंद मी स्वतः वाचली' असं लिहिलेलं होतं. विजयसिंहांना पाणी देणारा पणजोबा हवा होता, मी दिला. आक्काला गाव हवं होतं. तिला मी तेच करणार होतो. ग्रामसेवकानं निदान प्रामाणिकपणे रेघ मारली होती.

मी पाकीट फोडलं. तिकीट वाफेवर सोडवायला राजेश्वरीनं चहाचं भांडं पुढे केलं.

शेवटचं म्हणून मी पुन्हा कचेरीत गेलो. पांढरमाळची वही बाकी होती. लहान वस्तीची लहान वही. आक्काचं साल त्यात शाबूत होतं. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. पाटलाकडे मुलगा, सुताराकडे मुलगी, कुणी तापानं गेलेलं. धनगराची मुलगी कुठेच नव्हती. पुन्हा वाचलं. नव्हतीच.

झुंबरअप्पा म्हणाले, "न्हाय घावलं?"

"नाही."

"पाणी प्या."

वही बंद करायला हवी होती. पण ती मिटली की घरी जायचं आणि घरी कोरा कागद होता. म्हणून मी उगीच पुढची पानं उलटत राहिलो, पुढची सालं. या वह्यांना शेवटी एक रकाना असतो, खबर देणाराचं नाव. ज्याला सही येत नाही त्याची तिथे निशाणी. शेतकरी असेल तर नांगर, बाई असेल तर बांगडी. या निशाण्या लिहिणाराच काढायचा. वहीभर एकाच हाताचे नांगर आणि एकाच हाताच्या बांगड्या, झटकन ओढलेल्या, गोल, सारख्या.

एका ओळीशी मात्र बांगडी वाकडी होती. मोठी, एका बाजूला फुगलेली, टोकं एकमेकांना न भेटलेली, आणि सुरुवातीला शाईचा मोठा ठिपका. बोरू कधी हातात धरला नाही अशा कुणीतरी काढलेली. आधी मी ती पाहिली, आणि मग डावीकडे वाचत गेलो. मोडी असं उलटं वाचत नाहीत, पण त्या दिवशी मला ती तशीच लागली.

'निशाणी बांगडी. खबर देणार बानू, मुलाची बहीण. बाप मेंढरांमागे. पुत्र. बिरदेव धनगर, फिरस्ता. मुक्काम चिंचेचा माळ.'

आक्काचं नाव बानू. तिला एकच भाऊ.

साल माझं होतं. महिना मात्र जूनच्या आसपासचासुद्धा नव्हता. थंडीचा होता, जोंधळा काढायचा. म्हणजे माझा दाखला खोटा, नोकरीचं पुस्तक खोटं. पेन्शन परत करावी लागेल का, अशी एक शंका मला त्याही वेळी चाटून गेली. मग ती गेली आणि नुसती ती पोर दिसू लागली. परकर वर खोचलेली, माळावरून अनवाणी चावडीकडे चाललेली. आई चिंचेखाली पडलेली, बाप लांब. कुणी सांगितलं असेल तिला जा म्हणून? की आपल्या मनानंच गेली? आणि चावडीवर बसलेल्या त्या माणसानं तिला हाकलून दिलं नाही, वही वळवून बोरू तिच्या हातात दिला. गावाचं नाव तिच्या लक्षात राहिलं नसणार. वाड्यातल्या पोरीला गावं नावानं ठाऊक नसतात, पाणवठ्यावरून असतात. पण लिहवून आणल्याचं राहिलं. ती जन्मभर सांगत आली, आणि मी शिकलेला माणूस ते शेरभर बाजरीच्या बरोबरीनं धरत आलो.

त्या वहीतलं मी जे जे वाचलं त्यात चूक असू शकेल. 'माळ' ऐवजी दुसरं काही असेल. पण ती वाकडी बांगडी मला बिनचूक वाचता आली.

"रडताय व्हय तात्या?" झुंबरअप्पा म्हणाले.

"धूळ आहे."

"हाय खरी," ते म्हणाले आणि फडकं आणायला गेले. बराच वेळ आले नाहीत.

मोहनराव म्हणाले, आता पत्र कशाला, जतची एस.टी. पकडा आणि समक्ष सांगा. जाणारच होतो. पण आक्कानं पत्र पाठवलं होतं. तिच्या दारात पोस्टमन यायला हवा होता, छकुलीनं ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचायला हवं होतं. समक्ष गेलो असतो तर मी खाली बघत बसलो असतो आणि 'गुडघे कसे आहेत' यापलीकडे बोललो नसतो. मी मला ओळखतो.

या वेळी हात थांबला नाही.

'तीर्थस्वरूप आक्कास, सावळारामचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझी नोंद सापडली नाही. मोरगावच्या वहीतलं तुझं साल वाळवीनं खाल्लं. पांढरमाळच्या वहीत तू नाहीस. तू कुठे जन्मलीस ते मला सांगता येत नाही, आणि मी ते माझ्या मनानं भरणार नाही. पण पांढरमाळच्या चावडीच्या वहीत तुझं नाव आहे. माझं नाही. मी नुसता पुत्र आहे. माझ्या ओळीत नाव आहे ते तुझं, कारण मला लिहवायला तू गेली होतीस. तू म्हणायचीस ते खरं होतं. मी इतकी वर्षं ते थट्टेवारी नेलं. तिथली चिंच आता नाही. घंटा वारं असलं तर ऐकू येते, मी उभा राहून ऐकली. ग्रामसेवकानं मारलेली रेघ राहू दे, तिला हात लावू नकोस. खाली तू काढलेली खूण आहे तशी काढली आहे. ती वाचायला तुला छकुली लागणार नाही. पुढच्या आठवड्यात येतो.'

खाली मी बांगडी काढली. वाकडी काढायची म्हणजे सोपं असेल असं वाटलं होतं. तीन कागद वाया गेले. माझा हात गोल काढायला बघत होता. शेवटी डोळे मिटून काढली, तेव्हा टोकं लांब राहिली आणि बाजू फुगली.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पाकीट हातात घेऊन पुढून मागून पाहिलं.

"आजोबा, हा पत्ता कुठल्या भाषेत आहे?"

मी पाहिलं. सवयीनं अख्खा पत्ता मोडीत गेला होता. रेघ मारून, तिला अक्षरं टांगून, पेन न उचलता. मास्तरांनी पाहिला असता तर मुंगीचं नाव काढलं नसतं.

बाईंनी पेन पुढे केलं. मी तो पत्ता खोडला नाही. त्याच्या खाली साध्या बाळबोध अक्षरांत पुन्हा लिहिला. मग बाहेर येऊन लाल पेटीच्या तोंडात पाकीट अर्धं घातलं आणि थोडा वेळ तसंच धरून राहिलो. मागे एक माणूस कार्ड घेऊन उभा होता. तो म्हणाला, "तात्या, सोडा की." मी सोडलं.